न बांधलेली गाठ

गोंदियाजवळच्या नागऱ्याला आमच्या घरी एकच संगणक आहे. सातबाऱ्याचे उतारे, धानविक्रीचा हिशेब, महाशिवरात्रीच्या यात्रेची छायाचित्रे, सारे त्याच्या पोटात. गेल्या दिवाळीत घरी गेलो तो मनात किल्मिष घेऊनच. वाटणीत देवळामागची बांधी दादाने स्वतःकडे ठेवली, हे मला खुपत होते. तिचा उतारा पाहावा म्हणून शोधाच्या चौकटीत मी गट क्रमांक टाकला.

उतारा आला, पण एकटा आला नाही. त्याच बांधीवरच्या कर्जाचा कागद आला, आणि दादाच्या जमाखर्चाचे एक पान. कर्ज कशासाठी, हे तिथे एका ओळीत होते : माझ्या कॉलेजच्या फीसाठी. फेड अकरा वर्षे चालली होती.

संगणकाला आमचे घर कळले होते, असे नाही. पुस्तकाच्या शेवटी सूची असते, तशी कोणता शब्द कोणत्या कागदात आहे याची सूची तो आधीच करून ठेवतो, एवढेच. १९४५ साली व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन अभियंत्याने टेबलाएवढे एक यंत्र कल्पिले होते. माणसाची पुस्तके, पत्रे त्यात राहावीत आणि एका कागदापासून दुसऱ्यापर्यंतची वाट त्याने स्वतः बांधावी, अशी ती कल्पना. आपल्याकडे गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातले रुमाल सोडून निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले; तिथेही कोणता कागद कशाशेजारी ठेवावा, हे माणूसच ठरवीत होता. माझ्यापुढच्या यंत्राला तो विवेक नव्हता. आकडा जुळला, कागद जुळले.

दादाने मात्र ते वेगळे ठेवले होते, आणि विसराळूपणाने नव्हे. उपकाराची गाठ माझ्या मनाला पडू नये, म्हणून त्याने ती बांधलीच नव्हती. आता जाऊन पाय धरावे, तर त्याचे मौन मोडते. गप्प राहावे, तर मी कृतघ्न ठरतो. बराच वेळ तसाच बसून राहिलो. मग वाटले, सत्य सापडले म्हणजे ते बोलून दाखविण्याचा हक्क सापडला, असे नाही. त्याला जागून वागण्याचे कर्तव्य मात्र सापडते.

ओसरीवर दादा पणत्यांत तेल घालीत होता. “सापडला का रे उतारा?” त्याने विचारले.

“सापडला. पण आता त्याचे काही काम नाही,” मी म्हणालो, आणि वाती वळायला त्याच्याशेजारी बसलो.