कपोताची उडी

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वायू, जल हे गुरू सहज पटतात. मी अडतो तो आठव्यापाशी, कपोतापाशी. पिल्लं जाळ्यात सापडली, त्यांच्यामागे मादी गेली आणि ते पाहून नरानेही स्वतःला जाळ्यात झोकून दिलं. पारध्याला अख्खं कुटुंब आयतं मिळालं.

आमच्या शाहूवाडीत पाऊस म्हणजे पाऊसच. कडवी, वारणा, कासारी फुगतात, आंबा घाटात दरड येते, नि गावच्या आपत्ती पथकाला हाक येते. मी त्या पथकात आहे. वयामुळे पाण्यात कमी, काठावर दोर धरायला जास्त. तिथं पहिल्याच दिवशी शिकवतात : बुडणाऱ्याकडे उडी मारायची नाही. आधी काठी, मग दोर, मग होडी. उडी अगदी शेवटी. नाहीतर तो गळ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. "स्वतःचं लेकरू असतं तर?" असं एका आजींनी मला विचारलंच. स्वतःच्या लेकरासाठीच तर हा नियम जास्त लागतो, कारण तिथं भान आधी सुटतं. अवधूत तरी स्नेह नको कुठं म्हणतो? अतिस्नेह नको म्हणतो. जाळ्याबाहेर उरलेला तो एकटाच होता; काही करता आलं असतं तर त्यालाच.

पण उडी आवरणं त्यातल्या त्यात सोपं. भरल्या होडीतून "तुम्ही थांबा" म्हणणं अवघड. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी होडी उलटली. बायामाणसं, लेकरं गेली. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. त्या घडीला नको कुणाला म्हणायचं? आणि पुढची फेरी येईलच, असा शब्द कोण देणार? कुणाला दोष द्यायला मी धजत नाही. दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, हे आपण अनसूयामातेच्या कथेतून शिकलो. होडीला मात्र ते कळत नाही.

आमचं पाणी शेवटी नृसिंहवाडीलाच जातं. कासारीचं पंचगंगेतून, कडवी-वारणेचं कृष्णेतून. तिथं ते पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडतं, नि आपण हर्षाने स्नान करतो. तेच पाणी.

यंदा नदी शांत असतानाच आम्ही होडीच्या बाहेरून लाल रेघ ओढलीय. पाणी तिथवर आलं की आणखी कुणाला घ्यायचं नाही. ऐन पुरात त्या रेघेकडे बोट कोण दाखवणार, यासाठी दोन नावं ठरलीत. त्यातलं एक माझं आहे.