पाहणाऱ्याची नोंद

संगणकाविषयीच्या तक्रारी आपण बहुधा विनोदाच्या सदरात घालतो. अर्ज भरता भरता मुदत संपून पान कोरे होणे, वाकड्यातिकड्या अक्षरांचे कोडे पुन्हा पुन्हा सोडवूनही यंत्राने आपल्याला मनुष्य मानण्यास नकार देणे, ओटीपी नावाचा परवलीचा आकडा त्याची मुदत टळल्यावर हाती पडणे, जुन्या फॉन्टात टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडताच अगम्य चिन्हांचा गोंधळ होऊन बसणे, आणि कोणतेही पान उघडावे तर वाचण्याआधीच ‘मान्य आहे’ असे वदवून घेणारी चौकट आडवी येणे, या साऱ्यांवर चहाच्या टपरीवर हसून मोकळे व्हावे अशी आपली रीत आहे. उलट ‘गोपनीयता’ हा शब्द उच्चारताच आपला स्वर बदलतो, आणि 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तिला मूलभूत हक्क मानले त्या निकालाचे आपण आदराने स्मरण करतो. ही दोन प्रकरणे वेगवेगळी आहेत असे मला वाटत नाही. सामान्य माणसाची गोपनीयता चोर येऊन नेत नाही. या बारीकसारीक त्रासांना कंटाळून तो स्वतःच ती दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, आणि तीही दिवसाढवळ्या, पदरचे पैसे मोजून.

हे पाहावयाचे तर बिडकीनसारखे गाव नाही. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावरचे, पैठण तालुक्यातले हे गाव आता दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या नकाशावर ठळक अक्षरांत आले आहे. शेंद्रा आणि बिडकीन मिळून जे ‘ऑरिक’ नगर उभे राहत आहे, त्याचा जवळजवळ आठ हजार एकरांचा मोठा हिस्सा बिडकीनच्या बाजूचा असून 29 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. आखीव रस्ते, जमिनीखालून नेलेल्या वाहिन्या, सगळ्यावर यंत्राची नजर अशी त्या नगराची ख्याती. आणि तिथून थोड्याच अंतरावर, बाजारपेठेच्या गल्लीत, एका अरुंद गाळ्यात एक संगणक, एक छपाईयंत्र, अंगठ्याचे ठसे घेणारी एक डबी आणि तिच्यासमोर हातात कागदांची पिशवी घेऊन उभी असलेली माणसे दिसतात. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा आहे, कुणाला पीकविम्याचा अर्ज भरावयाचा आहे, कुणाचा किसान सन्मान निधीचा हप्ता अडला आहे. माहितीयुगाचा खरा दरवाजा या गावाला तरी हाच आहे, आणि त्याच्या आत जे घडते ते आमच्या कायदेपंडितांच्या चर्चेत क्वचितच येते.

ते समजून घेण्यासाठी ब्राउझर नावाच्या साधनाच्या स्वभावाकडे थोडे पाहिले पाहिजे. महाजालाची मूळ रचना विस्मरणशील आहे. एक पान मागावे, यंत्राने ते द्यावे आणि मागणाऱ्याला तत्क्षणी विसरून जावे, असा तिचा शिरस्ता होता. दुकानदारीला हे सोयीचे नव्हते, कारण टोपलीत वस्तू टाकून गिऱ्हाईक पुढच्या पानावर गेले की दुकान त्याला ओळखेनासे होई. म्हणून 1994 साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तरुणाने गिऱ्हाइकाच्याच यंत्रात एक छोटी चिठ्ठी ठेवून देण्याची युक्ती काढली. तीच आजची कुकी. युक्ती निरुपद्रवी होती आणि तिच्याशिवाय आज कोणताही अर्ज पुढे सरकणार नाही. परंतु पुढे एकाच जाहिरातदाराची चिठ्ठी हजारो संकेतस्थळांच्या पानांतून ठेवली जाऊ लागली, आणि ज्याच्या दुकानात आपण पाऊलही टाकले नाही त्याच्या वहीत आपल्या येण्याजाण्याची नोंद होऊ लागली. यावर उपाय म्हणून ब्राउझरांनी ‘गुप्त खिडकी’ दिली. तिने इतिहास लपतो तो घरातल्या माणसांपासून, संकेतस्थळापासून नव्हे. गूगलवर याच मुद्द्यावरून अमेरिकेत 2020 साली दावा झाला, आणि 2024 च्या तडजोडीत त्या कंपनीला अशा खिडक्यांतून जमवलेल्या कोट्यवधी नोंदी नष्ट करण्याचे कबूल करावे लागले.

या साऱ्या यंत्रणेच्या मुळाशी एक गृहीत आहे: एक माणूस, त्याचे एक यंत्र, त्याचा एक दूरध्वनी क्रमांक, आणि यंत्रासमोर तो एकटा बसलेला. कुलूप आणि किल्ली दोन्ही या एकट्या माणसाच्या मापाने घडवली आहेत. बिडकीनच्या त्या गाळ्यात असा एकटा माणूस मुळी नसतोच. म्हातारबांच्या आधारला जोडलेला क्रमांक पुतण्याचा असतो आणि पुतण्या वाळूजच्या कारखान्यात पाळीवर असतो. ओटीपी तिकडे वाजतो, तो ओरडून इकडे सांगितला जातो आणि रांगेतल्या चारसहा जणांच्या देखत टंकला जातो. पूर्वी आपल्या वतीने दुसऱ्याने व्यवहार करावयाचा तर मुद्रांकावर मुखत्यारपत्र करावे लागे, त्यात कोणता अधिकार दिला आणि कोणता नाही हे लिहिलेले असे. आज सहा आकडे मोठ्याने उच्चारले की सर्वाधिकार दिले जातात, आणि त्याचा कागद कुठेच उरत नाही.

‘लाडकी बहीण’ योजनेत तर हे गृहीत शासनानेच उघडे पाडले. सप्टेंबर 2025 मध्ये लाभार्थी स्त्रियांना ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा स्त्रीच्या आधारबरोबर तिच्या पतीच्या वा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली गेली. जिच्या नावाने, जिच्या खात्यात, जिच्या स्वावलंबनासाठी पैसे यावयाचे, तिची किल्ली अशा रीतीने पुन्हा घरच्या पुरुषाच्या खिशात गेली. आणि जिचा पती वारला, वडीलही वारले, किंवा जिने काडीमोड घेतली, तिने काय करावे याचे उत्तर त्या पानावर नव्हते. गवगवा झाल्यावर मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवून तिची तजवीज करावी लागली. कारकुनाला ‘साहेब, मी विधवा आहे’ असे सांगता येते. कारकून खेकसेल, पण ऐकेल. चौकटीला ते सांगता येत नाही.

गाळ्याच्या संगणकाची दुसरी गोष्ट अशी की त्याला विसरता येत नाही. दर पाळीला ब्राउझर अगत्याने विचारतो, ‘परवलीचा शब्द जतन करू का?’ आणि घाईतला चालक ‘हो’ म्हणतो, कारण उद्या तोच शेतकरी आपला परवलीचा शब्द विसरून पुन्हा येणार हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. उतरवून घेतलेल्या फायलींच्या कप्प्यात साऱ्या पंचक्रोशीची आधारपत्रे साचलेली असतात. त्या पत्रांना कुलूप असते खरे, परंतु नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे साल ही त्याची किल्ली सर्वांना पाठ आहे, आणि त्या दोन्ही गोष्टी शेजारच्या कागदावर छापलेल्या असतात. मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरच्या कार्यालयाने जाहीर सूचना काढली की सार्वजनिक संगणकावर आधारपत्र उतरवू नका, उतरवल्यास ते कायमचे पुसून टाका आणि आधारची प्रत ऊठसूट कुणाला देऊ नका. दोनच दिवसांत, लोकांचा गैरसमज होईल या कारणाने, ती मागे घेण्यात आली. गैरसमज कसला व्हावयाचा होता, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. सूचना अगदी खरी होती, आणि ती पाळायची तर गावोगावचे गाळे बंद करावे लागले असते.

यात गाळा चालवणाऱ्या तरुणाला दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे, कारण असा मध्यस्थ इथे नवा नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या अंमलाखाली होता. दप्तराची भाषा आधी फारसी, नंतर उर्दू. मराठी कुणब्याला स्वतःच्याच जमिनीचा कागद वाचता येत नसे, म्हणून कचेरीबाहेर अर्जनवीस बसे आणि चार आणे घेऊन त्याची कैफियत सरकारच्या भाषेत मांडून देई. राज्य बदलले, दप्तर मराठीत आले, आणि दोन पिढ्यांनंतर दप्तर पुन्हा अशा एका लिपीत गेले की ती वाचण्यास मध्यस्थ लागावा. फरक पडला तो इतकाच की अर्जनवीस अर्ज लिहून हातावेगळा करी, त्याच्यापाशी अंगठ्याचा ठसा आणि खात्याची किल्ली मागे राहत नसे. संकेतस्थळ जितके आडमुठे, तितकी या मध्यस्थाची गरज अधिक. सुरक्षिततेच्या नावाने वाढवलेली प्रत्येक पायरी ज्याला चढता येत नाही, तो ती दुसऱ्याच्या खांद्यावर बसून चढतो.

आता एक आक्षेप हमखास येतो, आणि तो शहरी सुशिक्षितांकडून येतो: खेड्यातल्या माणसाला गोपनीयतेचे काय, तिथे तर कुणाच्या घरी काय शिजते हे साऱ्या गल्लीला ठाऊक! हे अर्धे खरे आहे. गावात कुणाचे कर्ज किती, कुणाची सोयरीक कुठे मोडली, हे लपत नाही. मात्र ज्याला माझे ठाऊक, त्याचेही मला ठाऊक असते. तो पाहतो आहे हे मला दिसते, आणि त्याने पाहिलेले चारचौघांत बोलून दाखवले तर उद्या त्यालाही याच रस्त्याने जावयाचे आहे. गावाची अब्रू या परस्पर पाहण्यावर उभी होती. तिचा जाच मला ठाऊक नाही असे नाही. विशेषतः स्त्रियांना आणि दलितांना तिने किती छळले हे विसरून तिचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. तरीही तिच्यात पाहणारा अदृश्य नव्हता.

सातबाराच्या उताऱ्यावरून हे स्पष्ट होते. तो दस्तऐवज पूर्वापार सार्वजनिकच. नमुना सातमध्ये मालकी, बारामध्ये पिके. पण तो पाहावयाचा तर तलाठ्याकडे जावे लागे, तलाठी विचारी, ‘कशाला हवा?’, आणि अमुक गटाचा उतारा तमक्याने नेला ही वार्ता संध्याकाळपर्यंत मालकाच्या ओट्यावर पोहोचे. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळू लागला. ही मोठी सोय आहे. तलाठ्याच्या मागे हिंडण्यात ज्यांचे जोडे झिजले त्यांच्यापैकी कोणी तिला नावे ठेवणार नाही. पण ज्या गावात टोयोटा-किर्लोस्करसारख्या कंपनीच्या कारखान्याची घोषणा झाली की बांधाबांधावर भाव बोलले जातात, तिथे या सोयीचे दुसरे अंगही आहे. नावावरून शोध घेऊन, कुणाच्या हिश्श्याला किती, कुणावर बोजा चढला आहे, कुठे वारसांचा फेरफार अडला आहे, हे कोणताही दलाल कोणत्याही शहरात बसून पाहू शकतो, आणि ज्या घरात भावाभावांत बेबनाव असेल नेमक्या त्याच घराचे दार ठोठावू शकतो. सार्वजनिक कागद सार्वजनिकच राहिला. पाहणारा तेवढा पडद्याआड गेला.

त्यावर कायदा म्हणतो, संमती घ्या. संमतीचा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले, आणि पुढे नगर जिल्ह्यापर्यंत पसरलेल्या त्या दंग्यांत त्यांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. खते हिसकावली आणि जाळली. त्या खतांखाली निशाण्या होत्या, म्हणजे संमती होती! 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने यातून जो धडा घेतला तो विचार करण्याजोगा आहे: शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा आणि त्याच्यासमोर पुरा व्हावा. (तो कायदा ब्रिटिश मुलखाचा, गोदावरीच्या अलीकडे, निजामाच्या राज्यात, त्याचा अंमल नव्हता.) निशाणी पुरेशी नाही, ती कुणासमोर उमटली हे महत्त्वाचे, इतके त्या परक्या सरकारलाही कळले होते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात संमती मुक्त, विशिष्ट आणि समजून दिलेली असावी असे म्हटले आहे, आणि ती मागणारा मजकूर आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची सोय आहे. तरतूद उत्तम, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि मुख्य कलमांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. पण त्याच अधिनियमाच्या कलम 7 नुसार अनुदान, लाभ, दाखला वा परवाना देण्यासाठी शासनाला काही अटींवर संमतीवाचूनही माहिती हाताळता येते. आणि बिडकीनच्या त्या रांगेतली बहुतेक कामे याच जातीची असतात.

म्हणून संमतीपेक्षा नोंदीवर माझा भर अधिक आहे. पैठणच्या नाथांविषयी आख्यायिका आहे की देवगिरीला जनार्दनस्वामींच्या दप्तरात असताना हिशेबातल्या एका पैच्या चुकीसाठी ते रात्रभर जागले. चांगले दप्तर असे असते. त्यात कोणी काय घेतले, कोणी काय पाहिले, याचा मेळ लागलाच पाहिजे. आधार प्राधिकरणाने ही सोय काही अंशी केलेलीही आहे: आपली ओळख गेल्या सहा महिन्यांत कुठे कुठे पडताळली गेली याची यादी ज्याची त्याला पाहता येते. फक्त ती पाहण्यासाठी ओटीपी लागतो, आणि तो वाळूजला पुतण्याच्या खिशात वाजतो.

सातबाराच्या बाबतीत तर एवढीही अडचण नाही. संकेतस्थळ उतारा दाखवण्यापूर्वी पाहणाऱ्याचा भ्रमणध्वनी क्रमांक मागतेच. मग अमुक महिन्यात आपल्या गटाचा उतारा किती वेळा आणि कोणत्या क्रमांकावरून पाहिला गेला, याची एक यादी खातेदाराला तलाठी कार्यालयातल्या फळ्यावर किंवा उताऱ्याच्या पाठीवर छापून देण्यास कोणती हरकत असावी? दलाल दुसऱ्याचा क्रमांक घालील, असे कोणी म्हणेल. घालील, पण मग तो दुसरा कोण, हे गाव शोधून काढील, आणि त्या कामात बिडकीनला कोणत्याही यंत्राच्या मदतीची गरज पडणार नाही.