डुकरावर केस का होत नाही?

माझे मामा बेळगावजवळच्या कंग्राळी खुर्दला राहतात, माळकरी आहेत आणि रताळी लावतात. या तिन्ही गोष्टींमुळे त्यांच्याशी डार्विनवर बोलणं सोपं जात नाही.

रानडुकरांनी एका रात्रीत त्यांचं रान उकरून टाकलं होतं. बांधावरच्या काठ्यांना बांधलेल्या जुन्या साड्या तशाच फडफडत होत्या आणि आत वेल मुळांसकट उलथे पडले होते. डुक्कर खातं थोडं, नासतं फार. एका रताळ्याला दात लावायचा, ते तिथंच टाकायचं आणि पुढच्या वरंब्याला भिडायचं. मामांच्या मनात फास लावायचं होतं. मी त्यांना अडवायला गेलो आणि माझ्याजवळचं सगळ्यात जड हत्यार बाहेर काढलं.

"मामा, तुमचा आणि त्या डुकराचा पूर्वज एकच."

"असंल की."

मला वाटलं होतं, ते चिडतील. ते मान्यच करून बसले, तेव्हा मी जरा जोरात सुटलो. डार्विननं 1859 च्या पुस्तकात माणसाचा विषय जवळजवळ टाळला आणि 1871 मध्ये मात्र उघड सांगितलं, की माणूस आणि वरचे प्राणी यांच्या बुद्धीत फरक आहे तो कमीजास्तीचा, जातीचा नव्हे. पुढं आपल्या डीएनएत जवळपास आठ टक्के भाग जुन्या विषाणूंच्या अवशेषांचा निघाला. म्हणजे आपण सृष्टीचे मालक वगैरे काही नाही. झाडाला हजार फांद्या, त्यातली एक आपली.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं. आता मला सांग, मी फास लावला तर केस कुणावर?"

"तुमच्यावर. 1972 चा वन्यजीव कायदा आहे."

"आणि त्यानं माझं रान उकरलं तर?"

"त्याच्यावर कशी होईल? ते जनावर."

"आणि मी?"

इथं आमची गाडी रुतली ती बराच वेळ निघेना. मी म्हणालो, तुम्हाला परिणाम कळतो, त्याला कळत नाही. लहान मुलावर किंवा वेड्यावर आपण खटला भरत नाही, तसंच हे. मामा म्हणाले, "म्हंजे मी येगळा. मगाशी तर एकाच झाडाची फांदी म्हणालास. मला अडवताना मी जनावर, आणि दंड भरताना माणूस?"

मी जुना दाखला काढला. फ्रान्समध्ये फालेझ गावात 1386 साली एका डुकरिणीनं मूल मारलं, म्हणून तिच्यावर रीतसर खटला चालवून तिला फाशी दिलं होतं. आता हे ऐकून आपण हसतो, इतकं मला सांगायचं होतं. मामा हसले नाहीत. "त्ये लोक निदान सरळ होते," म्हणाले.

मग मी चूक वाट धरली. जनावरांनाही न्यायाची थोडी समज असते, हे दाखवायला कॅपुचिन माकडांचा 2003 चा प्रयोग सांगितला. एकाच कामाला शेजारच्या माकडाला द्राक्ष आणि आपल्याला काकडी मिळाली, की माकड बिथरतं, काकडी नाकारतं. नातं पक्कं करायचा माझा डाव होता. मामांनी तो तिथंच उलटवला: "म्हंजे त्याला कळतंय. मग आठ आण्याची अक्कल असंल तर आठ आण्याचा दंड तरी घ्या!"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि आजही धड नाही. विज्ञानानं नातं सिद्ध केलं, पण नात्यातून काही आपोआप निघत नाही. डुक्कर डुकराला सोडत नाही. दया दाखवा, हे आपण वरून घातलेलं कलम आहे, डीएनए वाचून सापडलेलं नव्हे. निसर्गातच राहा असं माणसाला सांगणारी माझ्यासारखी मंडळी हे कलम गुपचूप निसर्गाच्याच नावावर चढवतात. मामांनी ते बरोबर हेरलं होतं.

तरी मी हट्ट सोडला नाही. "कायद्यात सूट आहे की. जीव वाचवायला सद्हेतूनं जनावर मारलं तर गुन्हा नाही."

"जिवाला सूट, पोटाला न्हाई?"

"पिकासाठी लेखी हुकूम लागतो."

"डुकराला दावतो त्यो."

मग बिबट्याचा विषय निघाला. ऑगस्ट 2022 मध्ये तो बेळगावात जाधव नगरात दिसला, एका बांधकाम मजुरावर झडप घालून गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला, आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शोधायला शिवमोग्ग्याच्या सक्रेबैल तळावरचे हत्ती आणले. बिबट्या काही सापडला नाही. मामांना त्याचा राग नव्हता, हत्तींचा होता. "शहरात वाघरू आलं तर हत्ती. माझ्या रानात डुकरं आली तर जुन्या साड्या. तुझी ती फांदी शहरात जाड असती वाटतं."

मी विषय बदलला, हे कबूल. म्हटलं, मुळात हे रान कुणाचं? आपली मार्कंडेय नदी पुढं गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. त्याच गोकाकजवळच्या गाळात भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूटला गेंड्याची हाडं मिळाली आणि 1874 मध्ये त्यानं त्याची माहिती छापली. या भागात गेंडे फिरत होते, मामा! आपण नंतर आलो.

"आणि रताळं?"

"ते तर अमेरिकेतलं."

मामांना हे नवीन होतं. उपासाला चालणारं रताळं परदेशातून आलेलं, याचा त्यांना धक्काच बसला. त्यावर मी आणखी एक घातलं. 2015 मध्ये लागवडीच्या 291 वाणांची तपासणी झाली, आणि सगळ्यांत एका मातीतल्या जिवाणूची जनुकं सापडली. कुठल्या प्रयोगशाळेनं घातलेली नाहीत, जिवाणूनंच कधीतरी घुसवलेली. एकादशीच्या ताटातलं रताळं आधीच जनुकबदल झालेलं.

"बरं झालं सांगितलंस," मामा म्हणाले. "रताळं बाहेरचं, त्यातला जंतू बाहेरचा, मी मागनं आलेला. मग मूळचं कोण, डुक्कर? तर त्याच्या नावानं सातबारा काढा, आणि सोसायटीचं कर्जबी त्याच्याच नावावर टाका."

मला तुकोबा आठवले आणि मी वनचरांच्या सोयरिकीची आठवण करून दिली. माळकऱ्यापुढं हा हुकमी पत्ता, असं वाटलं होतं. मामांनी माळेला हात लावला. "तुकोबा भंडाऱ्यावर जाऊन बसले. सोयऱ्यांच्या घरी गेले त्ये. सोयरे माझ्या घरी येतात, रात्री, आणि जेवून जातात. मी एकट्यानंच किती जेवणं घालायची? पुण्यातल्या, बेंगळूरच्या सोयऱ्यांनी वर्गणी काढावी की."

यावर नुकसानभरपाईचं बोलणं झालं. अर्ज, पंचनामा, फोटो. ते मी झटकन उरकलं, कारण त्या कागदांवर माझा स्वतःचाच फारसा विश्वास नाही.

मामा मग फासाचं बोललेच नाहीत. म्हणाले, एपीएमसीच्या बाजूनं प्लॉट पडत पडत इकडं यायला लागलेत. एजंट घरी येऊन गेलाय. "प्लॉट पाडले की डुक्कर न्हाई, राखण न्हाई, केस न्हाई. कंपाउंड घातलं की एक जनावर फिरकत न्हाई. त्याला कुठला कायदा आडवा येतो?"

"येत नाही."

"बघ. एक डुक्कर मारलं तर गुन्हा. सगळ्यांचं रानच संपवलं तर रजिस्टर हापिसात पेढे."

मी म्हटलं, "विकू नका."

"का?"

मी नात्याचं पुन्हा बोलणार होतो. त्यांनी ते ओळखलं असावं, कारण त्यांनी लगेच कुंपणाच्या झटका मशीनची किंमत विचारली, आणि निम्मे पैसे तू घालतोस का, म्हणाले.