भागायचं कितीने?

शहाडच्या एका छोट्या वर्कशॉपसाठी मी पगाराचा प्रोग्रॅम लिहितोय. पगार १५,६००. मालकांचं म्हणणं, खाडा झाला की २६ने भागून कापायचं. शिल्लक रजेचे पैसे देताना मात्र ३०ने. म्हणजे त्याच माणसाचा दिवस कापताना ६००चा, देताना ५२०चा. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात भाजक २६ आहे. महिन्याची कमाई २६ दिवसांतच झाली, रविवार सुट्टीचा. १८९०मध्ये नारायण मेघाजी लोखंडेंनी गिरणी कामगारांना मिळवून दिलेला रविवार. इथे तो मालकाच्या सोयीने येतो-जातो. मालक लबाड नाहीत. त्यांचीही बिलं तीन-तीन महिने अडकतात. पण ती तंगी कामगाराने, त्याला न सांगता, का वाटून घ्यावी? निदान भाजक पगाराच्या स्लिपवर छापू, म्हटलं. ते अजून गप्प आहेत.