पथ्याचं पान पंगतीतच

नागपूरच्या धंतोलीत सकाळी दहानंतर गाडी लावायला जागा मिळणं कठीण. रामकृष्ण मठाच्या आसपासच्या गल्ल्यांत एका पाटीवर हृदयरोग, शेजारी मधुमेह, वरच्या मजल्यावर मूत्रपिंड आणि समोर पोटाचे विकार. यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया आणि पलीकडच्या छिंदवाडा-बालाघाटहून माणसं काखेत फाइल मारून इथे येतात. गर्दी इतकी वाढली की इथल्या रहदारीचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. तपासणी होते, औषधं लिहून होतात आणि चिठ्ठीच्या तळाशी डॉक्टर दोन ओळी खरडतात. मीठ कमी, गोड बंद, तळलेलं टाळा, जेवणाच्या वेळा सांभाळा.

घरात ही चिठ्ठी बहुतेक जण पाळतात. ती मोडते घराबाहेर. वर्धा रोडवरच्या लॉनमधलं रिसेप्शन, कंपनीच्या विक्रेत्यांचा मेळावा, साहेबांच्या निवृत्तीचं जेवण, साक्षगंध, बारसं, तेरवी. हातात ताट घेऊन माणूस उभा असतो आणि यजमान डोंगा घेऊन समोर येतात. ‘घ्या ना जी, एका गुलाबजामुनानं काय होते?’ तो नको म्हणतो. ‘काहून, आमच्या घरचं चालत नाही का?’ इथे त्याचा निर्धार संपतो. गुलाबजामुनाचा मोह एक वेळ आवरता येतो, पण यजमानाचा अपमान केल्याचा आरोप झेलणं अवघड जातं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यात रक्तदाबवाले धरलेले नाहीत, मूत्रपिंडाचे रुग्ण नाहीत, गव्हाचं वावडं असलेले नाहीत. श्रद्धेपोटी कांदा-लसूण सोडलेले, उपवासाचे, रोज्याचे तर वेगळेच. दोनशे पानांची पंगत असेल तर तिच्यात पथ्यवाली माणसं असणारच. तरीही आपल्या पाहुणचाराची रीत सगळे सगळं खातात असं गृहीत धरून चालते.

महाराष्ट्राला ताटावरचे निर्बंध नवे नाहीत. चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगं सोडणारी घरं आजही आहेत. म्हणून तर आषाढातल्या कांदेनवमीला कांद्याची भजी मनसोक्त खाऊन घेतात आणि वांग्याचं भरीत मग चंपाषष्ठीला ताटात परततं. एकादशी, चतुर्थी, सोमवार, गुरुवार हे वार घरातल्या बाईला तोंडपाठ असतात. आजोबांना आज भगर आणि नातवाला वरणभात, हे कुणी विचारल्याशिवाय होतं. उपवासाच्या माणसाला कुणी आग्रह करत नाही, उलट त्याच्यासाठी वेगळी ताटली मांडून ठेवतात. देवासाठी सोडलेलं अन्न आपण मानतो, डॉक्टरांनी सोडायला लावलेल्या अन्नाला मात्र नखरे म्हणतो. हा भेद तपासून पाहायला हवा.

आपल्याकडच्या निर्बंधांची दुसरी बाजू काळी आहे, आणि ती लपवून या विषयावर लिहिता येणार नाही. काय खायचं यापेक्षा कुणाच्या हातचं आणि कुणाच्या शेजारी बसून खायचं, यावर इथे माणसं वाळीत टाकली गेली. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद ख्रिस्ती मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी जमली होती. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कपाला हात लावला. हा प्रसंग घडवून आणणाऱ्या गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. एक कप चहा, आणि एवढी मोठी माणसं त्यात वर्षानुवर्षं अडकून पडली. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांना चहाचं दुकान काढून दिलं आणि स्वतः तिथे जाऊन, बरोबरच्या मंडळींना घेऊन चहा प्यायला सुरुवात केली. धर्म स्वयंपाकघरात आणि हंडीत जाऊन बसला आहे, अशी कडक टीका विवेकानंदांनी केली होती. त्यांचं साहित्य मराठीत आणण्याचं मोठं काम धंतोलीच्या रामकृष्ण मठानं केलं आहे.

या इतिहासातून एक कसोटी हाती येते. जे पथ्य स्वतःच्या पानापुरतं असतं त्याचा मान राखावा. जे शेजारच्याच्या पानात डोकावतं, त्याला पंगतीतून उठवू पाहतं, ते पथ्य म्हणवून घ्यायला पात्र नाही. मधुमेही माणूस जिलेबी नको म्हणतो तेव्हा तो कुणाची जिलेबी बंद करत नाही. त्याच्याशी भांडण कसलं?

पण पाहुण्याकडेही काही जबाबदारी येते. तिचं सर्वांत चांगलं उदाहरण नागपूरकरांच्या जवळचं आहे. पुढे १९३६ मध्ये सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आलेल्या गांधीजींचं. १९१५ मध्ये ते कलकत्त्याला भूपेंद्रनाथ बसूंच्या घरी उतरले होते. त्या काळात ते फळं आणि सुका मेवा एवढंच खात. यजमानांनी शहरात मिळतील ती सगळी फळं मागवली आणि घरातल्या बायका रात्र रात्र जागून मेवा सोलत बसल्या. बरोबरच्या मंडळींसाठी पक्वान्नं झाली ती वेगळीच. दोन-तीन पाहुण्यांसाठी अख्खं घर राबतं आहे हे पाहून गांधीजी अस्वस्थ झाले. त्यानंतर लवकरच, त्याच वर्षीच्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी व्रत घेतलं की चोवीस तासांत पाचापेक्षा जास्त पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवायचं नाही. आपण स्वतःला आवर घातला नाही तर यापुढच्या यजमानांनाही असाच त्रास होईल, हा विचार त्यामागे होता, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलं आहे. आपलं साधेपणाचं जेवण दुसऱ्याला महागात पडू शकतं, हे त्यांनी वेळीच ओळखलं. आजच्या पथ्यवाल्या पाहुण्यानंही एवढं ओळखावं. त्याच्यासाठी वेगळं पक्वान्न होण्याची गरज नसते. साधं वरण, फुलका, काकडी आणि वाटीभर ताक एवढं मिळालं की त्याचं जेवण होतं. ते दोन दिवस आधी फोनवर सांगायला मात्र हवं, ऐन पंगतीत सांगून उपयोग नाही.

नको म्हणायला शब्द नसतो, ही मराठी माणसाची जुनी अडचण. ती थोडी सुटली ती एका नागपूरकरामुळे. डॉ. श्रीकांत जिचकार राजकारणातले, असंख्य पदव्या मिळवलेले, २ जून २००४ रोजी अपघातात गेलेले. दिवसातून दोनदाच जेवावं, मधे काही खाऊ नये, हा विचार ते व्याख्यानांतून मांडत. त्यांच्या मांडणीचा आधार घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळा जेवण, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत पूर्ण आणि रोज चालणं अशी जीवनशैली महाराष्ट्रभर पोचवली. याउलट आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळानं खायला सांगतात. मग घराघरांत दोन तट पडले आणि लग्नाच्या मांडवात वाद रंगले. या पद्धतींचे वैद्यकीय गुणदोष डॉक्टरांनी ठरवावेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यानं तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलूच नयेत. पण सामाजिकदृष्ट्या एक काम दीक्षितांच्या चळवळीनं नक्की केलं. ‘माझं दीक्षित चालू आहे’ एवढं म्हटलं की आग्रह थांबतो, कुणाला राग येत नाही. चहा नाकारणारा माणूस शिष्ट ठरत नाही. रक्तदाबाच्या, मूत्रपिंडाच्या रुग्णाला अशी ढाल अजून मिळालेली नाही.

पथ्यवाल्या माणसासमोरच्या ताटाकडे जरा जवळून पाहू. वरणाला फोडणी असते हिंगाची. बाजारात मिळणारं बांधानी हिंग म्हणजे शुद्ध हिंग नव्हे. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बहुतेकदा गव्हाचं असतं. सीलिॲकच्या रुग्णाला गव्हातलं ग्लूटेन अजिबात चालत नाही. ‘फक्त वरणभात घ्या, त्यात काही नाही’ असं प्रेमानं सांगून वाढलेल्या वरणातूनच त्याच्या पोटात गहू जातो. पापड ज्या कढईत तळले तिच्यात आधी समोसे तळले असतील तर तेही त्याला बाधतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला मराठी स्वयंपाकघर म्हणजे सुरुंग पेरलेलं शेत. कोशिंबिरीत दाण्याचं कूट, भाजीत कूट, उपवासाच्या खिचडीत कूट, चटणीतही तेच. पाटवडीच्या रश्श्यात काय काय वाटून घातलं हे आचाऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नसतं. आणि संत्र्याच्या दिवसांत नागपुरात पाहुण्याचं स्वागत हमखास संत्र्याच्या रसानं होतं. मधुमेह्याची साखर तो झपाट्यानं वाढवतो. ज्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला पोटॅशियम मोजून घ्यायला सांगितलेलं असतं, त्यालाही तो चालत नाही. ‘ज्यूस तर हेल्दी असतो’ म्हणणारा यजमान मनापासूनच म्हणतो, पण रुग्णाला त्याचा उपयोग नसतो.

जुन्या पंगतीत या बाबतीत एक सोय होती. पानात मीठ वेगळं, वर मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि उसळ. ज्याला जे नको ते त्यानं हात आडवा धरून थांबवायचं. वाढणारी घरचीच असत, कशात काय घातलं ते त्यांना माहीत असे. बुफेनं आग्रह कमी केला हे चांगलं झालं, पण ही माहिती नाहीशी केली. टेबलामागचा टोपीवाला मुलगा रोजंदारीवर आलेला असतो. भाजीत काजूची पेस्ट आहे की दाण्याची, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहार सांगतो, त्यापुढे काही नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी मोठ्या साखळी हॉटेलांना मेनूवर उष्मांक आणि ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं बंधनकारक केलं. लग्नाच्या केटररपर्यंत ती शिस्त पोचलेली नाही. पदार्थापुढे हातानं लिहिलेली एक पाटी, ‘यात शेंगदाणे आहेत’, ‘यात गहू आहे’, ‘कांदा-लसूण नाही’, एवढ्याला खर्च काहीच येत नाही.

व्यवसायातल्या जेवणात पदार्थापेक्षा घड्याळ अधिक छळतं. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरातली जेवणं रात्री साडेदहाच्या आधी सुरू होत नाहीत. त्याआधी भाषणं, सत्कार, हार-तुरे. संध्याकाळची गोळी वेळेवर घेतलेला किंवा जेवण येणार म्हणून इन्सुलिन टोचून बसलेला माणूस पहिल्या रांगेत घामाघूम होतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. शेजारच्याला वाटतं दमला असेल. साखर उतरण्याची ही लक्षणं असतात, आणि अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यायची असते. जेवणाची वेळ निमंत्रणात छापायची आणि ती पाळायची, हा साधा शिष्टाचार कुणाचा तरी जीव वाचवू शकतो.

वेळेचा प्रश्न श्रद्धेच्या पथ्यातही येतो. इतवारीतल्या एखाद्या जैन व्यापाऱ्याशी करार करायचा आणि तो चौविहार पाळणारा असेल, तर सूर्यास्तानंतर तो पाणीही घेणार नाही. डिसेंबरात नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याला आठच्या डिनरला बोलावून जैन थाळी मागवणं म्हणजे त्याला समोर बसवून आपण जेवणं. चार वाजता बोलावलं तर तो पोटभर खाईल आणि कराराचं बोलणंही निवांत होईल. रमजानात मोमिनपुऱ्यातल्या भागीदाराला दुपारच्या जेवणाचं निमंत्रण देणारेही असतात. हेतू वाईट नसतो, पण विचारायचं राहून जातं.

विचारणं हाच आता खरा आग्रह मानायला हवा. ताटात आणखी एक पोळी टाकण्यानं जे प्रेम पूर्वी दिसायचं, ते आता ‘तुम्हाला काय चालतं?’ या आधीच केलेल्या फोनमधून दिसावं. हा फोन घरातल्या वहिनीनंच करावा असंही नाही. कंपनीच्या जेवणाचं निमंत्रण पाठवणाऱ्या अधिकाऱ्यानं तो करावा, नवरदेवाच्या काकांनी करावा. आणि पाहुण्यानं उत्तर देताना रोगाचा सगळा इतिहास सांगायची गरज नाही. मीठ कमी लागतं, गहू चालत नाही, सातच्या आत जेवतो, एवढं पुरे. कारण विचारणं यजमानाचं कामच नाही.

दिवाळीत फराळाची ताटं शेजारीपाजारी जातील. चिवड्यात शेंगदाणे असतात, चकलीत हिंग, बेसनाच्या लाडवात पिठीसाखर. यंदा प्रत्येक डब्यावर कागदाची एक पट्टी चिकटवा आणि आत काय काय आहे ते तिच्यावर लिहा. आणि कुणी लाडू हातात घेऊन परत ठेवला, तर त्याच्यापुढे ताकाचा पेला ठेवा, पण कारण विचारू नका.