उरलेल्यांची मोजणी

टेक्सासात ब्राझोस नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी एका विधवा बाईची रँच होती. ओढ्यालगत पेकानची झाडं, वरच्या अंगाला मेस्कीटचं काटेरी रान, मध्ये गुरांची कुरणं आणि सखल काळ्या जमिनीत मका. नवरा गेल्यावर हा पसारा तिने एकटीने सांभाळला. पुढे तिचा भाचा शहरातली नोकरी सोडून मदतीला आला. त्याचा नेम आसपासच्या सगळ्या रँचवर नावाजलेला होता. त्याच्या .३०८ च्या रायफलीवर अंधारात जनावराच्या अंगाची उष्णता टिपणारी दुर्बीण होती.

आत्याला त्या वर्षी रानडुकरांनी जेरीस आणलं होतं. मुळांसाठी आणि किड्यांसाठी ती रातोरात कुरण असं उकरायची की सकाळी गवत कापायचं यंत्र त्यात घालायची सोय उरत नसे. तळ्याच्या कडेला लोळून पाण्याचा चिखल करायची. भाचा म्हणाला, "आत्या, तू काळजी सोड. हे काम माझं."

कायद्याची आडकाठी नव्हतीच. टेक्सासात रानडुकराला ना हंगाम, ना संख्येची मर्यादा. २०१९ पासून तर खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की शिकारीचा परवानाही लागत नाही. आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही रानडुकराचा जाच ठाऊक आहे, पण आपलं रानडुक्कर इथल्याच जंगलाचं आहे आणि वन्यजीव कायद्याच्या कक्षेत येतं. अमेरिकेतलं मूळचं तिथलं नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिश मोहिमांबरोबर पाळीव डुकरं त्या खंडावर आली. नंतरच्या वसाहतवाल्यांनी आपली डुकरं चरायला मोकळी सोडली, त्यातली कित्येक रानात गेली ती परतलीच नाहीत. आणि १९३० च्या दशकात काही हौशी लोकांनी शिकारीसाठी म्हणून युरोपातली रानडुकरं आणून टेक्सासात सोडली. दोन्हींची जात एकच, तेव्हा ती एकमेकांत मिसळली. शिकारीच्या हौसेने या संकटात भर घातली आहे, हे विसरून पुढची गोष्ट समजायची नाही.

पहिल्याच रात्री भाच्याने वारा तोंडावर घेऊन बैठक धरली. डुकराची नजर बेताची, पण नाक विलक्षण तीक्ष्ण. मागून वारा असता तर माणसाचा वास कळपापर्यंत आधीच पोचला असता. मध्यरात्री ओढ्यातून अठरा-एकोणीस डुकरं वर आली. त्याने सगळ्यात मोठा नर निवडला. वयात आलेल्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढालच असते आणि काळीज खाली, पुढच्या पायांच्या मध्ये असतं. हे तो जाणून होता. त्याने मागे मातीचा चढ आहे याची खात्री केली आणि एकाच गोळीत नर आडवा पाडला. पळापळीत दुसरंही एक टिपलं. या जनावरांकडून माणसाला ब्रुसेलोसिस होऊ शकतो, म्हणून त्याने हातमोजे घालून मांस साफ केलं, फोटो काढला आणि सकाळी आत्याला दाखवला.

आत्याने फोटो पाहिला आणि विचारलं, "मागे किती राहिली?"

"राहिली ती पळाली."

तिने वहीत तारीख घातली आणि पुढे लिहिलं: "उरली सोळा-सतरा."

भाच्याला ते लागलं. सगळा हिवाळा तो रात्री जागत राहिला. मारलेल्या प्रत्येक डुकराचा हिशेब त्याच्या तोंडपाठ होता. पण कळप आता त्या जागी येईना. तो कधी पहाटे यायचा, कधी दोन टोळ्या करून दोन बाजूंनी, आणि रँचच्या ज्या कोपऱ्यात आधी कधी त्रास नव्हता तिथली जमीनही उकरलेली दिसू लागली. मार्चच्या सुरुवातीला मका पेरला. चौथ्या सकाळी आत्या शेतात गेली, तर डुकरांनी सरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाणा न् दाणा वेचून खाल्लेला. तिथे उभं राहून तिने वही पुढे केली. हिवाळ्याच्या सुरुवातीला उरली होती सोळा-सतरा. आता पिल्लं धरून तेवीस.

"इतकी मारूनसुद्धा?" भाचा म्हणाला.

काउंटीच्या शेतकी विस्तार कार्यालयातला एक म्हातारा सल्लागार दुसऱ्या दिवशी आला. त्याने भाच्याला हिशेब समजावला. मादी वर्षाची व्हायच्या आत गाभण राहू शकते. चार महिन्यांच्या आत विते, एका वेळी साधारण चार ते सहा पिल्लं. संख्या नुसती जागच्या जागी ठेवायची तरी दर वर्षी कळपातली दोन-तृतीयांश डुकरं काढावी लागतात. "तुम्ही मोठे नर मारलेत. बाकीच्यांना रायफलचा आवाज, गाडीचा दिवा, माणसाचा वास, सगळं शिकवलंत. नर एरवी एकटे फिरतात, तुमचं शेत खातो तो माद्यांचा आणि पिल्लांचा कळप."

त्याने दुसऱ्या राज्यांचंही सांगितलं. टेनेसीने १९९९ मध्ये राज्यभर अमर्याद शिकार खुली केली, आणि डुकरं सर्वांत जास्त पसरली ती त्याच काळात. घराजवळ शिकार मिळावी म्हणून लोकांनी ती चोरून नव्या ठिकाणी नेऊन सोडली. २०११ मध्ये ते धोरण गुंडाळावं लागलं. कॅन्ससने १९९५ मध्येच हौसेची शिकार बंद केली होती. मिसूरीच्या वन्यजीव खात्याने २०१६ मध्ये आपल्या ताब्यातल्या जमिनींवर तेच केलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात शहाणपणाची पावलं हीच आहेत, आणि ती उचलायला धैर्य लागलं असणार. बंदूक हातात असलेल्या संतापलेल्या माणसाला थांब म्हणणं कुठल्याच सरकारला सोपं नसतं.

मग त्यांनी ओढ्याच्या वळणावर सापळा उभारायला घेतला. जाड लोखंडी जाळीचं मोठं गोल कुंपण, वरून खाली पडणारं एक दार, झाडावर कॅमेरा. दार उघडं ठेवून आत मका टाकायचा आणि काहीच करायचं नाही. सल्लागाराची अट एकच: "सापळा मिटेपर्यंत या रँचवर एकही गोळी उडता कामा नये. आणि आख्खा कळप आत आल्याशिवाय दार पाडायचं नाही. बाहेर राहिलेलं एक डुक्कर पुन्हा सापळ्याजवळ फिरकणार नाही आणि आपल्या पिल्लांनाही फिरकू देणार नाही."

पिल्लं तिसऱ्या रात्रीच आत शिरली. मग तरण्या माद्या. भाचा दूर पिकअपमध्ये बसून फोनवर कॅमेऱ्याचं चित्र बघायचा. एका रात्री बावीस आत होती. एक म्हातारी, कान फाटलेली मादी दाराबाहेर उभी होती. फोनवरचं एक बटण दाबलं की दार पडलं असतं. शेजारच्या सीटवर रायफलही होती आणि अंतर शंभर यार्डांच्या आतलं होतं. कान फाटला होता तो त्याच्याच डिसेंबरातल्या गोळीने. त्याने बटण दाबलं नाही, काचही खाली केली नाही. आयुष्यात इतका कठीण नेम आपण कधी धरला नव्हता, असं तो नंतर आत्याला म्हणाला.

दोन रात्रींनी ओढ्यापलीकडून धडाधड गोळ्या झाडल्याचा आवाज आला आणि सापळा क्षणात रिकामा झाला. पलीकडचा शेजारी पैसे घेऊन पाहुण्यांना डुकरांची शिकार करू द्यायचा. टेक्सासात हा रीतसर धंदा आहे. कित्येक रँच गुरांच्या मंदीत त्याच्याच आधारावर तगून असतात.

भाचा रागाने उठला तेव्हा आत्याने त्याला वही दिली. "भांडायला जाऊ नकोस. हे दाखव."

शेजाऱ्याने वही शेवटपर्यंत वाचली. आकडे त्याच्याही कुंपणाशी जुळत होते, कारण डुकरं काही कुंपण मानत नव्हती. तो म्हणाला, "माझे पाहुणे बंद झाले तर मी बँकेचा हप्ता कशाने भरू?"

"आणि तुमचा मका?"

शेजारी बराच वेळ बोलला नाही. मग त्याने पाहुण्यांना ओढ्यापासून लांब, टेकडीच्या अंगाला न्यायचं कबूल केलं, आणि सापळ्याचे दिवस पूर्ण शांतता. त्याचं नुकसान होणार होतं, तरी त्याने ते पत्करलं. दोन शेजाऱ्यांना एका बाजूला आणणं हे मला सापळ्याच्या दारापेक्षा मोठं काम वाटतं.

कळप परतायला तीन आठवडे गेले. एका पहाटे दार पडलं तेव्हा बावीस आत होती. ती म्हातारी याही वेळी बाहेर होती, पण आता सल्लागारानेच दार पाडायला सांगितलं होतं. ती आत येणार नाही हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं. आतली डुकरं रायफलनेच मारावी लागली. पिल्लंही. भाच्याने ते झटपट आणि नीट केलं, एकालाही तडफडू दिलं नाही आणि फोटो काढला नाही. सल्लागार गेल्यावर तो गोठ्यामागे जाऊन बसून राहिला. आत्याने त्याला हाक मारली नाही.

म्हातारी उरली. तिच्यासाठी त्याने आठ रात्री वारा बघून जागा बदलली. कधी वारा फिरला, कधी तिच्या मागे शेजाऱ्याची गुरं होती, तेव्हा त्याने बोट बाहेरच ठेवलं. नवव्या रात्री ती मेस्कीटच्या चढासमोर आडवी उभी राहिली. त्याने एकच गोळी झाडली.

उन्हाळ्याच्या अखेरीस शेजाऱ्याचा फोन आला. त्याच्या बाजूला ताजी उकरलेली जमीन होती, नदीकडून नवा कळप उतरला होता. "रायफल घेऊन ये रे," तो म्हणाला, "आजच रात्री बसू."

"कळपात किती आहेत?"

"कोणास ठाऊक. अंधारात पाहिली."

"मग आधी मोजू या," भाचा म्हणाला, आणि पिकअपमध्ये मक्याची दोन पोती आणि कॅमेरा टाकून निघाला.