मोलाचे रक्षण आणि राजधर्म

प्रजेचे रक्षण हे राजाचे आद्य कर्तव्य आणि प्रजेकडून मिळणारा कर हे त्या रक्षणाचे वेतन, असे धर्मशास्त्रकार मानतात. मग करापोटी राजाच्या माथी आलेले हे कर्तव्य त्याने मोल देऊन तिसऱ्याकडे सोपवले, तर ते त्याच्याकडून पार पडले असे म्हणता येईल काय?

मोल घेऊन लढण्यातच अधर्म आहे, हे उत्तर सोपे असले तरी टिकणारे नाही. महाभारतात युद्धारंभी आशीर्वाद मागायला आलेल्या युधिष्ठिराला भीष्म आपण कौरवांच्या अर्थाने बांधले गेल्याचे सांगतात, पण म्हणून त्यांना कोणी भाडोत्री म्हणत नाही. कौटिल्याने सैन्याचे जे सहा प्रकार सांगितले, त्यांत वंशपरंपरेने सेवेत असलेले ते मौल, राजाकडून थेट वेतन घेणारे ते भृत आणि शस्त्रावर जगणाऱ्या संघटित गटांचे ते श्रेणीबल, म्हणजे आजच्या खासगी लष्करी कंपन्यांचे जुने रूप. भृतबल जवळ असते, लवकर सज्ज होते आणि आज्ञेत राहते, म्हणून ते श्रेणीबलाहून बरे, असा त्याचा निर्वाळा आहे. शिवाजी महाराजांनीही वतनापेक्षा रोख वेतनावर भर दिला. तेव्हा दोष वेतनात शोधण्यापेक्षा शिपाई आणि राज्य यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या मध्यस्थात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

मराठ्यांच्या इतिहासात याची परीक्षा वारंवार झाली. गारदी, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीने कवायत शिकलेले पगारी पायदळ, यांचा सरदार इब्राहिमखान पगारासाठी सतत तगादा लावी. समकालीन काशिराज पंडिताच्या वृत्तांतानुसार, ‘माझ्या तगाद्याचा तुम्हाला राग होता, पण आज मी त्याची फेड करीन,’ असे त्याने १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांना सांगितले, आणि ते त्याने प्राण देऊन खरे केले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी मात्र थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारद्यांनीच शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून केला. एकाच पेशाची ही दोन टोके पाहता पगारावरून निष्ठेचे भाकीत करता येत नाही, एवढे तरी मान्य करावे लागते.

महादजी शिंद्यांनी १७८४ नंतर सावॉयच्या द बॉयनकडून कवायती पलटणी उभारून घेतल्या आणि त्यांच्या खर्चासाठी दोआबातील मुलूख त्याच्याच हाती दिला. पुढे हा कारभार पेरों या फ्रेंच सेनानीकडे गेला. शिपाई शिंद्यांचे होते, पण पगार, बढती आणि हुकूम हे सारे परक्या सेनापतीच्या मार्फत येत होते. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच शिंद्यांची नोकरी सोडणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना इंग्रजांनी निर्वाहवेतन देऊ केले आणि अनेकांनी ते स्वीकारले. पेरोंही युद्ध चालू असतानाच बाजूला झाला. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने ८ ऑगस्टला शिंद्यांच्या ताब्यातील नगरची पेठ घेतली, तेव्हा तिच्या बचावात अरब शिपाई होते, आणि १२ ऑगस्टला किल्लेदाराने किल्ला खाली केला. ज्यांनी नोकरी सोडली त्यांना विश्वासघातकी म्हणणे घाईचे होईल, कारण स्वदेशाविरुद्ध शस्त्र न धरणे हाही धर्मच आहे. दोष खरे तर अशा पूर्वनिष्ठांनी बांधलेल्या माणसांच्या हाती राज्याचे रक्षण देणाऱ्या धन्याकडे जातो. आणि लासवारीला, १ नोव्हेंबर १८०३ रोजी, बहुतेक युरोपीय अधिकारी निघून गेल्यावरही त्याच पलटणी इतक्या चिकाटीने लढल्या की शत्रुपक्षाचा सेनापती लेक यालाही त्यांच्या शौर्याची वाखाणणी करावी लागली.

रशियात जून २०२३ मध्ये वॅग्नर या खासगी लष्करी कंपनीने पुकारलेले बंड ताजे असले, तरी मध्यस्थाचा प्रश्न केवळ रणांगणापुरता नाही. नगरच्या किल्ल्यापासून काही किलोमीटरवरच्या नागापूर औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी कारखान्यांच्या फाटकावर उभा राहणारा रक्षकही पुष्कळदा एकाचे राखतो आणि पगार दुसऱ्याकडून घेतो. महाराष्ट्राने १९८१ च्या कायद्याने सुरक्षा रक्षक मंडळे निर्माण केली. रक्षकाची नोंदणी, नेमणूक आणि वेतन यांतून ठेकेदाराला दूर करणे हा त्यांचा हेतू होता. मात्र मंडळाइतके लाभ देणाऱ्या एजन्सींना सूट मिळण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे आणि तिचा वापर होत आला आहे.